खासगी शाळांतील सरकारी खर्चाच्या जागा : हरियाणाचे बदलते धोरण

फरीदाबाद : खासगी संस्थांनी चालविलेल्या शाळांत गरीब विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने शिकविण्याची हरियाणातील व्यवस्था २०२२ मध्ये बदलली. फरीदाबादसारख्या कामगारवस्तीच्या औद्योगिक शहरात या बदलाचा थेट परिणाम प्रवेशांवर होतो.

हरियाणा शालेय शिक्षण नियम, २००३ मधील नियम १३४-अ नुसार खासगी शाळांना १० टक्के जागा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राखून ठेवणे बंधनकारक होते. मार्च २०२२ मध्ये हा नियम रद्द झाला. त्यानंतर दोन मार्ग उरले.

पहिला मार्ग शिक्षण हक्क कायदा, २००९ चा. कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना देऊन आठवीपर्यंत मोफत शिक्षण द्यावयाचे असते. अल्पसंख्याक संस्थांना यातून सूट आहे. शाळेचे प्रत्यक्ष शुल्क किंवा सरकारचा दरडोई खर्च, यांपैकी कमी असलेली रक्कम राज्य सरकार शाळेला देते.

दुसरा मार्ग २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘चिराग’ योजनेचा. सुरुवातीला ती वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबातील, राज्यातील सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठी होती. प्रारंभीच्या निकषांनुसार दुसरी ते पाचवीसाठी दरमहा ७००, सहावी ते आठवीसाठी ९०० आणि नववी ते बारावीसाठी ११०० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती ठरली. मात्र शाळांचा सहभाग ऐच्छिक आहे. शाळेने नकार दिल्यास पालकांना त्या जागेवर दावा सांगता येत नाही.

फरक इथेच आहे. प्रवेशवर्गातील बालकाचा हक्क संसदेच्या कायद्यातून येतो. मधल्या इयत्तेतील मुलाची जागा योजनेवर, म्हणजे शाळेची तयारी आणि वेळेवर मिळणाऱ्या प्रतिपूर्तीवर अवलंबून राहते. मासिक शुल्कावर चालणाऱ्या लहान शाळांना थकीत रक्कम विशेष जाचक ठरते.

महाराष्ट्राचा अनुभव हा फरक स्पष्ट करतो. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना २५ टक्के प्रवेशांतून वगळणारी अधिसूचना राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली व जुलैमध्ये ती रद्द केली. मूळ कायद्याशी विसंगत नियम टिकला नाही. नियम १३४-अ मात्र राज्याचाच नियम असल्याने राज्याला तो अधिसूचनेद्वारे मागे घेता आला.