नगरचे बारा महिने आणि पाण्याचा हिशेब

आमच्या नगर जिल्ह्याचं हवामान कसं असतं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कुठल्या नगर जिल्ह्याचं?" (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय, पण सत्तरी ओलांडलेल्या जिभेला नवं वळण लागायला वेळ लागतो.) क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. त्याच डोंगररांगेत घाटघर-रतनवाडीकडे काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. आणि इकडे जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेरला वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी शेतकरी देवापुढे नारळ फोडतो. जिल्हा एकच, पण पावसात दहापटीचा फरक!

कारण भूगोलाच्या पुस्तकातलंच. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात आणि घाटमाथा ओलांडून खाली आलेला वारा कोरडा असतो. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मुलांना हा शब्द शिकवताना मी नेहमी सांगायची, की छाया म्हटलं की गारवा आठवतो, पण ही छाया फार महागात पडते.

आपल्याकडे मृग नक्षत्राच्या पावसाचं कौतुक मोठं. पण दक्षिण नगरचं खरं नशीब ठरतं ते उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. हा परतीचा पाऊस काळ्या जमिनीत मुरला, की त्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. तो चुकला की वर्ष गेलं. १८७६ साली नेमका तोच चुकला आणि दख्खनचा मोठा दुष्काळ पडला. दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर त्या वेळी दुष्काळग्रस्त मजूर राबले. १८७८ मध्ये तो मार्ग सुरू झाला. आज त्या गाडीने शिर्डीला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत असेल? १८९६ मध्येही पाऊस लवकर आटोपला आणि पुन्हा तेच.

परतीच्या पावसाच्या दिवसांतच इथे एक लढाईही झाली आहे. १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा निजामशाहीवर चालून आल्या. मलिक अंबरने नगरजवळच्या भातोडीच्या तलावाचा बांध फोडला आणि शत्रूच्या छावणीत चिखल करून टाकला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच लढाईत पडले. जिथे एरवी घोटभर पाण्याची मारामार, तिथे पाण्यानेच लढाई जिंकली!

दिवाळी झाली की थंडी. राज्यातलं सर्वांत कमी तापमान म्हणून बातम्यांत अनेकदा नगरचं नाव येतं. आपले जे आप्त इंग्लंडच्या उत्तरेकडे राहतात, त्यांना आमच्या थंडीचं हसू येतं. पण त्यांची थंडी ओली आणि ढगाळ. ढगांचं पांघरूण असल्यामुळे तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फार अंतर पडत नाही. आमचं आकाश कोरडं, निरभ्र, आणि गाव पठारावर. दिवसाची ऊब रात्री भराभर उडून जाते. म्हणून दुपारी तीस अंश आणि पहाटे दहाच्या खाली, अशी गंमत. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. या थंडीतच ज्वारीचं कणीस भरतं आणि शेताच्या बांधावर हुरडा भाजला जातो. ती थंडी नसती तर नगरची भाकरीही नसती.

याच सुमाराला आमच्याकडचे काही धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात, कारण कोकणचा पाऊस मेंढरांना सोसत नाही. हवामानाचं असं चालतं-बोलतं पंचांग दुसरं नाही. अहिल्याबाई १७२५ मध्ये जन्मल्या त्या याच समाजात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीला. पुढे देशभर विहिरी, बारवा, घाट बांधणाऱ्या या बाईंना पाण्याचं मोल चौंडीतच कळलं असावं, असा माझा आपला तर्क.

उन्हाळ्याबद्दल काय सांगू? चाळिशी ओलांडणारा पारा आणि कोरडे ओढे. निजामशाहांनी यावर उपाय केला तो डोळसपणे. कापूरवाडी, शेंडी अशा भोवतालच्या गावांतून भुयारी नळांनी शहरात पाणी आणलं आणि १५८३ च्या सुमारास फराहबाग महाल पुरा केला, तोही तळ्याच्या मधोमध. महाल अजून उभा आहे, तळं मात्र आटलं.

नंतर आलं भंडारदरा. १९२६ मध्ये प्रवरेवरचं हे धरण पुरं झालं आणि अकोल्याचा पाऊस कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडे निघाला. ऊस आला आणि १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उत्तर नगर हिरवं झालं. दक्षिण नगर आभाळाकडे बघत राहिलं.

१९७२ साली मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला गेलेली. सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी यांवर दिवस निघाले. त्या दुष्काळातूनच रोजगार हमी योजना आकाराला आली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून. १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशानेही तसा कायदा केला. माझ्या वर्गातल्या मुलांच्या हातांना आलेले फोड त्या कायद्यामागे आहेत, असं मला नेहमी वाटतं.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट दिसते. इथला पाऊस बेभरवशाचा आहे, हे शतकानुशतकं ठाऊक आहे. गावं तरली ती मोठ्या पावसाने नव्हे, पाण्याचा हिशेब ठेवल्याने. हिवरे बाजार दक्षिण नगरमधलंच, पाऊस तोच तुटपुंजा. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने डोंगरावर चर खणले, झाडं लावली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. दरवर्षी किती पाऊस पडला ते मोजायचं आणि त्यावरून ग्रामसभेत पिकं ठरवायची. पाऊस कमी, तर जास्त पाणी पिणारं पीक नाही. इतकं साधं! आणि तरीही किती गावांना ते जमलं? बाकी ठिकाणी आपण पाचशे फुटांखालचं पाणी उपसतो आणि वर जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावर भांडतो.

म्हणून माझ्या पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना एक सांगणं आहे. गावाला फोन केलात की "पाऊस झाला का?" एवढ्यावर थांबू नका. किती मिलिमीटर झाला ते विचारा. आणि विहिरीत पाणी किती हात आहे, तेही विचारा. विचारणारं कुणी असलं की मोजणारंही कुणी तयार होतं.