रविवारची सुट्टी कुणी मिळवली?



आपण गटाची बैठक रविवारी ठेवतो. पोरांची शाळा बंद असते, कचेरीत जाणारं माणूस घरी असतं. पण ही सुट्टी आपोआप मिळाली नाही. त्याचीच गोष्ट आज सांगते.

तेव्हा मुंबईच्या कापडगिरण्या दिवस उगवला की सुरू व्हायच्या आणि मावळला की थांबायच्या. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. बायाही तशाच राबायच्या. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केलेली, पुढे 'दीनबंधु' वर्तमानपत्र चालवलं. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार जणांनी अर्जावर सह्या केल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि पगार वेळेवर, अशा मागण्या त्यात होत्या. मालक बधले नाहीत.

लोखंडेही हटले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायाही उभं राहून बोलल्या. १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कायद्याने बायांचं काम दिवसाला ११ तासांवर नेऊ नये, असं ठरलं.

त्या काळी काम सोडून बसणं गुन्हा ठरू शकत होतं. १९२६ च्या कायद्याने युनियन नोंदवता येऊ लागली आणि नोंदलेल्या युनियनला संपासाठी संरक्षण मिळालं.

आता आपलं बोलू. मागच्या कांदा लागवडीला आमच्या गावच्या बायांनी मजुरी वाढवून मागितली. दोन दिवस कुणी रानात गेलं नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतल्या बाया जुन्याच मजुरीवर आल्या आणि मागणी बारगळली. त्यांना तरी नावं कशी ठेवू? त्यांचीही चूल पेटायची होती, आणि आधी जाऊन त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगते, आमच्या घरचीही लागवड त्याच बायांनी केली. मी गप्प बसले.

म्हणून यंदा रोपं उपटायच्या आधीच्या रविवारी दोन्ही गावचे गट एकत्र बसणार आहेत. मजुरीचा एकच दर ठरवू. काम बंद ठेवायची वेळ आली तर घर कसं चालवायचं, तेही आधीच ठरवू. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनीही यावं. मी येणार आहे.