जुनाट जखमा आणि विकरांचे मलम

यवतमाळ जिल्ह्यातील वस्त्यांमध्ये काम करताना मधुमेह किंवा कुष्ठरोगामुळे सुन्न झालेल्या तळपायांवरच्या जखमा आम्ही पाहतो. दुखत नाही म्हणून माणूस मजुरीला जात राहतो आणि जखम चिघळते.

अशा जखमेत मृत मांसाचा काळा किंवा पिवळा थर साचतो. त्यात जंतू वाढतात आणि तो निघाल्याशिवाय जखम भरत नाही. डॉक्टर तो शस्त्राने काढतात. दुसरा मार्ग विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या मलमाचा. जीवाणूंपासून मिळणारे कोलॅजिनेज मृत मांसाला धरून ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडते. पपईच्या चिकातील पपेन मृत प्रथिनांचे विघटन करते. त्याला मलमात युरियाची जोड असते. हे काम सावकाश, कधी काही आठवडे चालते. कोलॅजिनेजसोबत चांदी किंवा आयोडीनचे औषध लावल्यास त्याचा परिणाम कमी होतो.

पपेनमुळे गंभीर ॲलर्जी झाल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये तेथील विनापरवाना पपेन मलमांची विक्री थांबवायला लावली. त्यामुळे झाडाचा कच्चा चीक जखमेवर कधीही लावू नये.

नुसत्या मलमाने भागत नाही. पायाचा रक्तपुरवठा तपासणे, साखर आटोक्यात ठेवणे आणि जखमेवर भार न देणे तितकेच गरजेचे. पाय थंड किंवा काळा पडला, सूज, दुर्गंधी वा ताप आला, तर रुग्णाला त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात न्यावे.

लाजेपोटी जखम झाकली जाते. म्हणून घरभेटीत कार्यकर्त्यांनी आपुलकीने पाय पाहावेत. वेळीच पाहिलेला पाय वाचू शकतो.