सराटा आणि चीक

सराटा ज्याने अनवाणी पायाखाली एकदाही घेतला नाही, त्याला आपल्या माळरानाची ओळख पुरती पटली आहे असे मी मानीत नाही. कोणत्याही अंगावर पडले तरी एक ना एक काटा आकाशाकडे ताठ उभा ठेवणारे हे चिमुकले फळ, ज्याला वैद्यांच्या दप्तरी गोक्षुर असे भारदस्त नाव आणि औषधाचा मान आहे, ते कोणे एके काळी जुन्या जगातून अमेरिकेस जाऊन पोहोचले. आणि तेथे त्याच्या वेलीला जे नाव मिळाले ते प्रथम ऐकले तेव्हा मला हसू आवरेना, कारण त्या देशी तिला चक्क ‘पंक्चर वेल’ म्हणतात. 1961 साली तिच्या बंदोबस्तासाठी तिकडे मुद्दाम सोंडकिडे आणून सोडण्यात आले, यावरून तिच्या उपद्रवाची कल्पना यावी.

या सराट्याचे स्मरण होण्यास निमित्त झाले ते माझ्या पुतण्याचे. त्याने डोंगरातून हाकावयाची जाड टायरांची सायकल घेतली आणि दुकानातूनच मला फोन केला, “काका, ट्यूब ठेवू की ट्यूबलेस करून घेऊ?” ज्याची सारी हयात अठ्ठावीस इंची काळ्या सायकलीवर आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या कृपेवर गेली, त्या माझ्या तोंडून सहज निघाले, “अरे, ट्यूबच काढलीस तर हवा राहणार कशात?” पोराने उत्तर दिले नाही, तो नुसता हसला. त्या हसण्याने अस्वस्थ होऊन मी या वस्तूचा वंशवृक्ष धुंडाळावयास बसलो, तेव्हा ध्यानात आले की जिला मी घराण्याची मूळ मालकीण समजत होतो त्या ट्यूबचा हक्क मुळातच वादग्रस्त आहे, आणि जिला मी कालची पोर समजत होतो ती ट्यूबलेसची रीत एका अर्थी पणजीच्या वयाची आहे.

टायर या शब्दाचे मूळ इंग्रजीत वेशभूषेच्या शब्दाशी जाऊन भिडते. टायर म्हणजे चाकाचे वस्त्र. आपल्या बैलगाडीच्या चाकाला लोहार जी तापवून चढवितो आणि पाणी ओतून आवळतो, ती लोखंडी धाव हे या वस्त्राचे आद्य रूप होय. त्या धावेच्या जागी हवा बसविण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन या अवघ्या 23 वर्षांच्या स्कॉटिश तरुणाला सुचली आणि 1845 साली त्याने तिची सनद मिळविली. रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी आत आणि चामड्याचे कवच बाहेर, अशी ही त्याची ‘हवाई चाके’ 1847 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कात घोडागाडीला लावून लोकांना दाखविण्यात आली, आणि चाकांचा एक संच तर बाराशे मैल धावला. परंतु हवेच्या या गादीला साजेसे हलके वाहन अजून जन्मासच आलेले नव्हते, आणि अकाली आलेल्या पाहुण्यासारखी ती कल्पना दप्तरात जाऊन पडली.

पुढे चाळीस वर्षांनी बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नामक पशुवैद्याने, टॉमसनचे नावही ठाऊक नसता, आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. त्याने केलेला प्रयोग इतका साधा की तो आपल्या अंगणात कोणीही करावा: एका लाकडी चकतीभोवती हवा भरलेली रबरी नळी बांधली, आणि ती चकती व तीनचाकीचे मूळचे चाक आवारात घरंगळत सोडून दिले. मूळचे चाक वाटेतच लवंडले. चकती मात्र आवार ओलांडून फाटकाच्या खांबावर जाऊन आदळली. 1888 साली त्याला सनद मिळाली, दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम नावाच्या गड्याने त्या टायरांवर बेलफास्टच्या शर्यती मारल्या, आणि 1890 मध्ये कोणीतरी टॉमसनचे जुने दप्तर उकलल्यामुळे डनलॉपची सनद रद्दबातल ठरली. वारसाहक्काचा दावा असा फेटाळला गेला तरी नाव मात्र त्याचेच चालू राहिले. इतके की आमच्या लहानपणी घरात ‘डनलॉप’ म्हणजे टायर नव्हे, मऊ गादी असे, आणि पाहुण्यांखेरीज तिच्यावर कोणास बसू देत नसत.

डनलॉपच्या टायरात नळी होती हे खरे. परंतु तिच्यावर कापड, कापडावर रबर, आणि हा सगळा ऐवज चाकाला डिंकासारख्या द्रावणाने चिकटविलेला, अशी ती बंदिस्त व्यवस्था होती. काटा रुतला की पंक्चर काढावयाचे म्हणजे पायाच्या जखमेसाठी धोतर, बाराबंदी आणि पागोटे फाडण्यापैकी प्रकार! (‘पंक्चर काढणे’ हा आपला प्रयोग ‘काटा काढणे’ यावरूनच पडला असावा असे मला वाटते; एरवी भोक बुजवितात, काढीत नाहीत.) फ्रान्समध्ये क्लेर्माँ-फेराँ येथे मिशलॅन बंधूंच्या कारखान्यात 1889 साली असा एक टायर दुरुस्तीस आला, तीन तास तो सोडविण्यात गेले, रात्रभर तो वाळत पडला, आणि सकाळी एदुआर मिशलॅन त्यावर बसून थोडे अंतर जातो न जातो तोच तो टायर पुन्हा बसला. त्या वैतागातून 1891 मध्ये काढता-घालता येणारा टायर निघाला. त्याच वर्षी शार्ल तेराँ याने पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे 1,200 किलोमीटरांची शर्यत त्या टायरांवर 71 तासांहून काहीसा अधिक वेळ घेऊन जिंकली. इकडे इंग्लंडात चार्ल्स किंग्स्टन वेल्च याने 1890 मध्ये टायरच्या कडांत तार ओवून रिमच्या मध्यभागी खोलगट घळ ठेवण्याची युक्ती काढली, आणि आज कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दोन पट्ट्या घालून ज्या सहजतेने टायर उलगडतो ती सहजता या घळीची देणगी आहे.

येथे मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. रबराचे कवच स्वतःच हवा धरू शकत असता ट्यूब वेगळी राहिली ती हवेच्या गरजेने नव्हे, तर दुरुस्तीच्या सोयीने. ती बाहेर ओढावी, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात इंचाइंचाने बुडवावी, बुडबुड्यांची बारीक माळ जेथून निघेल तेथे काडीने खूण करावी, कानशीने घासून सोल्यूशन लावावे, फुंकर घालावी, ठिगळ ठोकावे. हा सारा विधी ट्यूब सुटी आहे म्हणूनच शक्य आहे.

अमेरिकेने मात्र निराळीच वहिवाट पाडली. तेथे 1890 नंतरच्या दशकात कवच आणि नळी एकजीव केलेला ‘सिंगल ट्यूब’ टायर रूढ झाला: रबरी बागनळीसारखा, रिमला चिकटविलेला, आत दुसरे काहीही नाही. छिद्र पडले की बाहेरूनच रबराचे बूच सोल्यूशनमध्ये बुडवून आत दडपावयाचे. आणि तेही नको असेल तर ‘नेव्हरलीक’ नावाचे द्रव आत सोडावयाचे, की लहानसहान छिद्रे आपोआप बुजावीत. पुतण्याच्या दुकानदाराने ‘अगदी लेटेस्ट’ म्हणून त्याच्यापुढे मांडलेल्या दोन्ही वस्तू, बूच आणि द्रव, आमच्या पणजोबांच्या काळात बाजारात होत्या!

या वहिवाटीत फेरफार झाला तो 1933 साली. शिकागोच्या फ्रँक श्विन याने जर्मनीत पाहिलेल्या धर्तीवर 26 इंच व्यासाचे, सव्वादोन इंचांस किंचित कमी जाडीचे ‘बलून’ टायर आणले. त्यांच्या कडांत तार होती आणि पोटात सुटी ट्यूब. तिने तेथील एकजीव टायराला काही वर्षांतच हद्दपार केले. मंदीच्या त्या दिवसांत वृत्तपत्रे टाकणाऱ्या पोरांसाठी बनविलेल्या या दणकट गाड्या पुढे अडगळीत गेल्या. आणि 1970 नंतर कॅलिफोर्नियातील मरीन परगण्याच्या, माउंट तमालपाइसच्या पंचक्रोशीतल्या उनाड तरुणांनी त्या कवडीमोलाने उचलून डोंगरउतारावर सोडल्या, कारण खड्यांवर टिकेल असा टायर तेवढाच होता. 21 ऑक्टोबर 1976 रोजी फेअरफॅक्सजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. उलट पायडल मारून लागणारे ते ब्रेक इतके तापत की तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून शर्यतीचेच नाव ‘रीपॅक’ पडले. 1977 मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी सांगाडा घडविला. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाची पेढी काढली, आणि पेढीचे नाव साऱ्या जातीला चिकटले.

डोंगरात ट्यूबचा खरा शत्रू काटा नव्हे, दगड आहे. टायरातली हवा कमी ठेवावी तर तो जमिनीच्या उंचसखलपणावर हातासारखा पसरतो, पकड वाढते, हादरे जिरतात. परंतु धारदार धोंड्यावर आपटताच ट्यूब रिम आणि दगड यांच्या चिमटीत सापडते आणि तिला शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. स्वारलोक त्यांना ‘सर्पदंश’ म्हणतात, आणि उपमा अचूक आहे. ते टाळण्यासाठी 35 पौंड हवा भरावी तर चाक चेंडूसारखे उसळते. ट्यूबच नसेल तर चिमटीत सापडावयास काही उरत नाही, आणि 20-25 पौंडांवरही निर्धास्त जाता येते.

मोटारींनी हे केव्हाच साधले होते. ॲक्रन येथील गुडरिच कंपनीच्या फ्रँक हर्झेघ याला 1952 साली ट्यूबरहित टायराची सनद मिळाली, आणि 1955 पर्यंत अमेरिकेतील नव्या मोटारींवर तोच शिरस्ता झाला. सायकलीची अडचण निराळी: तिच्या रिमला आऱ्यांसाठी बत्तीस छिद्रे, मग हवा कोंडावी कोठे? 1999 मध्ये माव्हिक, हचिन्सन आणि मिशलॅन या तिघा फ्रेंचांनी आतून अभंग असे रिम आणि त्यास बिलगणारा टायर काढला. तो चोख होता, पण वजनदार आणि महाग. न्यूयॉर्क राज्यातील स्टॅन कोझियाटेक याने पुढे साधी तजवीज केली: साध्या रिमवर आतून चिकटपट्टी फिरवावी, आणि टायरात वाटीभर रबराचा चीक ओतावा. छिद्रातून हवा बाहेर धावली की चीक तिच्याबरोबर धावतो, छिद्राच्या तोंडाशी गोठतो, आणि त्यात मिसळलेले बारीक कण बुचाचे काम करतात.

पुतण्याला मी अखेर इतकेच सांगितले, की आधी टायर निवड. पुढचा रुंद, मऊ रबराचा आणि अंतराअंतरावर उंच ठोकळे असलेला घे, कारण वळणावर पुढचे चाक निसटले की माणूस सावरत नाही. मागचा जरा कठीण आणि दाट नक्षीचा घे, म्हणजे चढावर दम कमी लागेल. दर रविवारी सह्याद्रीच्या खडकाळ वाटा तुडविणार असशील तर ट्यूब काढून टाक. पण गाडी चार महिने जिन्याखाली उभी राहणार असेल तर ट्यूबच बरी, कारण आपल्या उन्हाळ्यात तो चीक टायरातल्या टायरात वाळून जाईल आणि ऐन वेळी आत नुसत्या पापुद्र्या खुळखुळतील.

त्याने ट्यूब काढली. पहिल्याच महिन्यात मागच्या चाकात सराटा रुतला. त्याने तो माझ्या देखत उपटला, सुस्कारा निघाला, पांढरा थेंब फुगला, चाकाचे दोन वेढे झाले आणि आवाज थांबला. मी खोगिराखालची त्याची पिशवी उघडून पाहिली. पान्यांच्या खाली, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून, शंखजिऱ्यात घोळलेली एक ट्यूब होती.

“ही कशाला रे?”

“असू दे, काका.”