वर्गणीतून आलेला कुत्रा

न्यूयॉर्क शहरी जनावरांच्या छळाविरुद्ध १८६६ साली संस्था निघाली. मुलांच्या छळाविरुद्ध मात्र तेथे एकही नव्हती. १८७४ साली मेरी एलन नावाची दहाएक वर्षांची पोर ज्या घरी वाढत होती तेथेच मार खाते आहे, हे एटा व्हीलर या सेवाभावी बाईंना कळले. शेवटी त्या गेल्या कोणाकडे, तर जनावरांच्या संस्थेच्या हेन्री बर्ग यांच्याकडे. बर्ग यांनी मनावर घेतले, मुलगी कोर्टापुढे आली, मारणारीला एक वर्षाची सजा झाली. पोरीला 'जनावर' ठरवून न्याय मिळवला, अशी चटकदार गोष्ट पुष्कळदा सांगतात. ती खरी नव्हे. खटला माणसाच्या मुलीचाच होता. पण दार उघडले ते जनावरांच्या कैवाऱ्याने, एवढे खरे. त्यातूनच पुढे मुलांसाठी निराळी संस्था निघाली.

इंग्लंडात लिव्हरपूलला तर कुत्र्यांच्या आश्रयगृहासाठी भरलेल्या सभेतच मुलांचा विषय निघाला आणि १८८३ साली तेथे मुलांची संस्था उभी राहिली. मग अशा संस्था गावोगाव निघाल्या. त्यांचे निरीक्षक घरोघर चौकशीला जात आणि त्यांचा पगार लोकांच्या वर्गणीतून निघे. १८८९ साली कायदा झाला. मुलाला छळणाऱ्यास पकडण्याचा आणि वॉरंट घेऊन घरात शिरण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. वर्गणीदारांनी केलेली ही मोठी कमाई होय, असे आम्ही मानतो. कारण कारखान्याच्या फाटकाशी पावतीपुस्तक घेऊन उभे राहण्यात आमची उमर गेली. चळवळ वर्गणीवर उभी राहते हे आम्ही पाहिले आहे, आणि पावती फाडणारे हात पावसाळ्यात कसे आखडतात हेही पाहिले आहे.

आता कुत्र्यांकडे वळू. मुलांवरील अत्याचाराची चित्रे आज नखाएवढ्या कार्डात मावतात. असे कार्ड भिंतीच्या फटीत किंवा पुस्तकाच्या पाठीत दडवले तर झडतीला आलेल्या शिपायाला ते सापडावे कसे? अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या प्रयोगशाळेतल्या एका रसायनज्ञाने अशा वस्तूंच्या सर्किटवर आढळणारे एक द्रव्य शोधून काढले. त्याचे नाव ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड; उच्चारताना आमची जीभ दोनदा अडखळली. या द्रव्याचा वास लॅब्राडोर कुत्र्यांना शिकवला. रीत साधी आहे: वास सापडला की खाऊ. मुंबईच्या झंजीर कुत्र्याने १९९३ साली स्फोटके हुडकली, तीही नाकाच्याच जोरावर. येथे वास तेवढा निराळा.

ऱ्होड आयलंड राज्याच्या पोलिसांकडे २०१३ साली थोरो नावाचा असा कुत्रा आला. लोखंडी कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात, चार थरांखाली दडवलेला पेनड्राइव्ह त्याने दाखवून दिला. २०१५ साली इंडियाना राज्यात, सँडविचच्या एका बड्या कंपनीच्या जाहिरातींमुळे घरोघर ठाऊक असलेल्या माणसाच्या घराची झडती झाली. माणसांच्या नजरेतून सुटलेला पेनड्राइव्ह बेअर नावाच्या कुत्र्याने हुडकला. त्या माणसाने गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी त्याला पंधरा वर्षांहून अधिक कैद झाली. सारे श्रेय कुत्र्याला देणे बरोबर नव्हे. तपास आधीपासून चालू होता. शिवाय कुत्र्याला पाप-पुण्याचा वास येत नाही. शाळकरी पोराचा पेनड्राइव्हही तो तितक्याच इमानाने दाखवील. आत काय आहे ते माणसानेच उघडून पाहायचे.

असे कित्येक कुत्रे तेथील पोलिसांना धर्मादाय संस्था आणि देणगीदार घेऊन देतात. कुत्रा दिसतो, त्याला नाव असते, त्याच्यासोबत फोटो निघतो. त्यामुळे देणगी लवकर जमते, आणि त्यात आम्हांला गैर काही दिसत नाही. पण कुत्रा एकदाच विकत घ्यावा लागतो. त्याचा खाऊ, त्याचा वैद्य, त्याचा सराव हे सारे रोजचे. त्याला सांभाळणारा शिपाई आहे. सापडलेल्या कार्डातली चित्रे तासन् तास पाहून त्यातले मूल कोणते, घर कोणते, हे ओळखणारा कर्मचारी आहे. त्याच्या खुर्चीसाठी देणगी मागत कोणी आल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तो पगार सरकारी तिजोरीतूनच यायचा, आणि तेथे जागा रिकामी राहिली तर थोरोने दाखवलेला पेनड्राइव्ह पाकिटात बंद होऊन फडताळात आपली पाळी येण्याची वाट पाहत पडायचा.