पित्याचा अधिकार आणि वधूची संमती : ख्रिस्ती धर्मग्रंथांतील विवाहविचार

विवाहाच्या चर्चेत ‘अधिकार’ आणि ‘संमती’ या दोन संज्ञा निरनिराळ्या अर्थांनी येतात. त्यांचे अर्थ प्रथम निश्चित केले पाहिजेत. पित्याच्या अधिकाराचे तीन घटक आहेत : (१) दानाधिकार, म्हणजे कन्या कोणास द्यावी हे ठरवण्याचा अधिकार, (२) निषेधाधिकार, म्हणजे होऊ घातलेला विवाह रोखण्याचा अधिकार, (३) शुल्काधिकार, म्हणजे वरपक्षाकडून द्रव्य किंवा सेवा घेण्याचा अधिकार. संमतीचेही तीन प्रकार आहेत : (१) विरोध केला नाही एवढ्यावरून गृहीत धरलेली मौन संमती; (२) विचारल्यावर दिलेली पृष्ट संमती; (३) जिच्यात वराची निवडही स्वतःची असते ती स्वतंत्र संमती.

या भेदांवरून मूळ प्रश्न नेमका मांडता येतो. पित्याचा अधिकार हे विवाहाच्या सिद्धतेचे कारण आहे, की तत्कालीन रूढीने विवाहाला दिलेले ते केवळ रूप आहे? त्याचे उत्तर तीन टप्प्यांनी शोधावे लागते.

पहिला टप्पा जुन्या कराराचा. कालेब नगर जिंकणाऱ्यास आपली कन्या अखसा देतो (यहोशवा १५:१६-१७). येथे दानाधिकार पूर्ण आहे आणि संमतीचा उल्लेखही नाही. निर्गम २२:१६-१७ मधील नियम मात्र अधिकाराचे घटक वेगळे करतो. कुमारिकेला भुलवणाऱ्याने शुल्क देऊन तिच्याशी विवाह करावा. पित्याने कन्या देण्याचे नाकारले, तरी शुल्क द्यावेच. निषेध आणि शुल्क हे परस्परांवर अवलंबून नाहीत, हे यावरून सिद्ध होते. शुल्काधिकाराच्या मर्यादेची जाणीवही ग्रंथात आहे. लाबानाने याकोबाकडून मुलींच्या मोबदल्यात चौदा वर्षे सेवा घेतली. पुढे लेआ आणि राहेल याच पित्याविरुद्ध तक्रार करतात की, त्याने आम्हांला विकले आणि आमचे द्रव्यही खाऊन टाकले (उत्पत्ती ३१:१४-१५).

रिबकेचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. तिचा भाऊ लाबान आणि पिता बथुवेल प्रथम विवाहास मान्यता देतात. नंतर तिला विचारले जाते आणि ती होकार देते (उत्पत्ती २४:५०-५८). काटेकोरपणे पाहता हा प्रश्न तत्काळ निघण्याविषयीचा आहे, वराच्या निवडीविषयीचा नाही. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी, स्त्री येण्यास राजी नसेल तर वधू आणण्यास पाठवलेला सेवक शपथेतून मुक्त होईल, असे अब्राहामाने सांगितलेले आहे (२४:८). म्हणून येथे पृष्ट संमती पित्याच्या अधिकारासोबत, दुय्यम पण आवश्यक अट म्हणून उपस्थित आहे, एवढेच विधान समर्थनीय ठरते. सलाफहादाच्या कन्यांचे उदाहरण याच्या पुढे जाते. पिता मृत असल्यामुळे त्यांनी स्वतःला योग्य वाटेल त्याच्याशी विवाह करावा. बंधन एकच, वर पित्याच्या वंशातील असावा (गणना ३६:६). पित्याच्या अभावी दानाधिकार दुसऱ्या पुरुषाकडे जात नाही. तो कन्येकडे येतो.

दुसरा टप्पा शुभवर्तमानांचा. वाग्दानाने कायदेशीर बंध निर्माण होतो, ही यहुदी रूढी येथे गृहीत आहे. म्हणूनच सहवासापूर्वीही योसेफासमोर मरीयेला सोडण्याचा प्रश्न उभा राहतो (मत्तय १:१८-१९). तथापि विवाहाचे तत्त्व सांगताना येशू वाग्दानाचा किंवा दानाचा आधार घेत नाही. तो सृष्टीच्या आरंभाकडे जातो : पुरुष आपल्या आईबापांस सोडील आणि ती दोघे एकदेह होतील (मत्तय १९:४-६). या विधानात पिता आहे, पण ज्याला सोडून जायचे तो म्हणून. लग्न करणे आणि लग्नात देणे ही दोन्ही पुनरुत्थानानंतर उरत नाहीत, असेही तो सांगतो (मार्क १२:२५). दानाधिकार अशा रीतीने इहलोकीच्या व्यवस्थेपुरता राहतो.

तिसरा टप्पा पौलाचा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पती आणि पत्नी यांचा परस्परांच्या देहावर समान अधिकार सांगितला आहे, आणि काही काळ दूर राहणेही उभयतांच्या संमतीनेच असावे असे म्हटले आहे (७:३-५). येथे संमती विवाहक्षणापुरती न राहता विवाहाच्या संपूर्ण काळात आवश्यक ठरते. त्यानंतरचा ७:३६-३८ हा भाग वादग्रस्त आहे. परंपरागत अर्थानुसार तेथील पुरुष हा पिता असून तो कन्येच्या विवाहाचा निर्णय घेतो. अनेक आधुनिक भाष्यकारांच्या मते तो वाग्दत्त वर आहे. पहिल्या अर्थी कन्येच्या इच्छेचा उल्लेख नाही. दुसऱ्या अर्थी पित्याचा नाही. म्हणून जो निष्कर्ष दोन्ही अर्थांनी टिकेल, तोच ग्राह्य मानावा.

तसा निष्कर्ष लगेच पुढच्या वचनावरून निघतो. पती मरण पावल्यावर स्त्री तिला वाटेल त्याच्याशी विवाह करण्यास मोकळी आहे. अट एवढीच की तो प्रभूमध्ये असावा (७:३९). ही स्वतंत्र संमती होय. रोमन विधीनुसार विवाहास वधूवरांची आणि ज्यांच्या सत्तेखाली ती आहेत त्यांचीही संमती लागे. पिता जिवंत असून कन्या त्याच्या सत्तेत असेल, तर वैधव्याने ती सत्ता संपत नसे. पौल मात्र विधवेच्या बाबतीत पित्याचा उल्लेख करत नाही. पित्याचा अधिकार स्त्रीत्वातून उद्भवत असता, तर तो विधवेवरही सांगितला गेला असता. तो सांगितलेला नाही. म्हणून तो पितृगृहातील अविवाहित अवस्थेशी निगडित आहे, स्त्रीत्वाशी नाही.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्राला लागू झालेल्या तीन कायद्यांवर हे भेद ताडून पाहता येतात.

(१) १८५६ चा हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा. त्याच्या कलम ७ नुसार, जिचा पूर्वविवाह सहवासाने पूर्ण झालेला नाही अशा अल्पवयीन विधवेस पित्याची, आणि तो नसल्यास क्रमाने इतर आप्तांची, संमती आवश्यक होती. प्रौढ विधवेस किंवा जिचा विवाह पूर्ण झाला होता तिला स्वतःची संमती पुरेशी होती.

(२) १८६६ चा धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने टाकले, तर तिला न्यायालयात जाण्याचा मार्ग त्याने दिला. त्याचे मूळ पौलाच्या त्याच पत्रातील ७:१२-१५ मध्ये आहे : अविश्वासी जोडीदार राहण्यास राजी असेल तर सोडू नये, तो वेगळा झाला तर होऊ द्यावा.

(३) १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. त्याच्या कलम १९ नुसार अल्पवयीनाच्या विवाहास पित्याची, तो नसल्यास पालकाची, तोही नसल्यास आईची संमती लागते. एकवीस वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती अल्पवयीन होय. परंतु विधवा आणि विधुर यांना व्याख्येतूनच वगळले आहे. विवाहनिबंधकासमोरील विवाहात अन्य पालकाने विनाकारण संमती नाकारली, तर न्यायालयात दाद मागता येते. पित्याच्या नकाराविरुद्ध येत नाही (कलम ४५). विधवेचा अपवाद पौलाच्या वचनातून थेट उतरलेला नाही, तो इंग्लंडच्या विवाहविधीतून आला. तत्त्व मात्र एकच आहे.

कायद्याने विच्छेदाचा मार्ग खुला असतानाही संमतीने विवाह टिकल्याचे उदाहरण मराठीत सुपरिचित आहे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, नंतर परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १८८० च्या त्यांच्या बालविवाहात संमती विचारली जाण्याचा प्रश्नच नव्हता. विवाहानंतरच्या या निर्णयात ती होती. टिळकांनी पुढे साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय स्थापन केला, तेव्हा हे सहजीवन विवाहानंतर दिलेल्या या संमतीवर उभे होते.

यावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, पित्याच्या अधिकाराचे घटक विभाज्य असून १८७२ च्या कायद्यात दान आणि शुल्क यांना स्थान उरले नाही. निषेध तेवढा उरला. दुसरा, तो निषेधही वय आणि पूर्वविवाह यांनी मर्यादित आहे. तिसरा, धर्मग्रंथ पित्याचा अधिकार रूढी म्हणून गृहीत धरतात, विवाहाचे कारण म्हणून स्थापन करत नाहीत. म्हणून पित्याच्या अनुज्ञेने झालेला परंतु संमतीविरहित विवाह धर्मग्रंथांच्या आधारे समर्थनीय ठरवावयाचा असेल, तर रिबका आणि विधवा या दोहोंविषयीच्या वचनांचे निराकरण प्रथम करावे लागेल.