औषधी गोळीतील ‘निष्क्रिय’ घटक

थायरॉइडच्या विकारावरील एका गोळीत थायरॉक्सिन हे प्रत्यक्ष औषध अवघे ५० मायक्रोग्रॅम असू शकते. गोळीचे वजन १०० मिलिग्रॅम धरले, तर हा तिचा दोन हजारावा भाग झाला. उरलेल्या साऱ्या द्रव्यांना निष्क्रिय घटक म्हणतात. एवढासा कण चिमटीतही येणार नाही, म्हणून त्यात लॅक्टोज किंवा लाकडाच्या लगद्यापासून केलेले सेल्युलोज मिसळतात. वैद्यांच्या वटीत डिंक जे बांधण्याचे काम करतो, ते येथे स्टार्च अथवा पोव्हिडोन करते. पोटात मात्र हीच गोळी फुटायला हवी; त्यासाठी पाण्याने फुगणारे द्रव्य घालतात. मॅग्नेशियम स्टिअरेटमुळे गोळी साच्याला चिकटत नाही, पण ते अधिक झाले तर ती विरघळण्यास विलंब लागतो.

पँटोप्राझोलच्या गोळीवरील लेप जठरातील आम्लात टिकून आतड्यात विरघळतो. गिळता येत नाही म्हणून वृद्धांना ती कुटून दिली जाते, आणि औषध आम्लातच नष्ट होते.

निष्क्रिय म्हणजे रोगावर थेट क्रिया न करणारे, एवढाच अर्थ घ्यावा. १९६८च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे अपस्माराच्या रुग्णांमध्ये फेनिटॉइनच्या विषबाधेची लक्षणे दिसू लागली. औषधाची मात्रा बदललेली नव्हती. कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आले होते. त्यामुळे औषधाचे शोषण वाढले आणि नेहमीची मात्राच घातक ठरली. फ्रान्समध्ये २०१७ साली थायरॉक्सिनच्या गोळीतील लॅक्टोज बदलून मॅनिटॉल व सायट्रिक आम्ल घातले गेले, तेव्हा हजारो रुग्णांनी तक्रारी केल्या.

औषध म्हापशात घ्या वा तेलंगणच्या सीमेवरील मुधोळात, पट्टीवर बहुधा रंगाचे नाव तेवढे आढळते. बाकीचे ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’, म्हणजे ‘पुरेशा प्रमाणात’, एवढ्यावर आटोपते. ही त्रोटकता रुग्णाच्या सोयीची खचितच नाही. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्याने स्टार्च कशाचा, हे विचारून घ्यावे. अपस्मार किंवा थायरॉइडच्या औषधाची कंपनी परस्पर बदलू नये. बदलावी लागलीच, तर डॉक्टरांना कळवावे. पाण्यात फसफसणाऱ्या ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकते. उच्च रक्तदाबासाठी मीठ तोडलेल्या रुग्णाने साधी गोळी मागावी.